टीका झोंबली म्हणून क्लबने कोर्टात जावं का? खेळ, कॉमेंट्री आणि बदनामीचा कायदा, सोप्या भाषेत

५ जानेवारी २०१०. आयपीएलचे तेव्हाचे कमिशनर ललित मोदी यांनी एक ट्विट केलं. न्यूझीलंडचा माजी ऑलराउंडर ख्रिस केर्न्सचं नाव लिलावाच्या यादीतून का काढलं, याचं कारण त्यात होतं. मोदींच्या म्हणण्यानुसार ते कारण होतं मॅच फिक्सिंगमधला केर्न्सचा इतिहास.

केर्न्सने लंडनच्या हायकोर्टात दावा ठोकला. मोदींना आरोप सिद्ध करता आला नाही. मार्च २०१२ मध्ये कोर्टाने केर्न्सला ९० हजार पौंड भरपाई द्यायला सांगितली. मोदींचं अपीलही फेटाळलं गेलं. आणि हे ट्विट तिकडे वाचलं होतं किती जणांनी? कोर्टाने धरलेला अंदाज होता सुमारे ६५.

आज एखादी मॅच संपायच्या आत हजारो पोस्ट, रील्स आणि यूट्यूब लाइव्ह सुरू झालेले असतात. "आजची मॅच सेट होती" असं कुणीतरी सहज लिहून जातं, दुसरा ते शेअर करतो. टीव्हीवरचे तज्ज्ञही कधीकधी हातचं राखून बोलत नाहीत. मग प्रश्न येतो की अशा वेळी क्लबने किंवा फ्रँचायझीने बदनामीचा दावा करावा का? कायदा त्यांना काय मुभा देतो? आणि आतापर्यंत जे कोर्टात गेले त्यांच्या हाती काय लागलं?

बदनामी म्हणजे नेमकं काय?

एखाद्याबद्दल असं काही बोलणं, लिहिणं किंवा दाखवणं, ज्यामुळे लोकांच्या नजरेत त्याची पत उतरते, म्हणजे बदनामी. मात्र ती तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. तुम्ही खेळाडूला एकट्याला गाठून शिव्या घातल्या तर ती दिवाणी कायद्याच्या अर्थाने बदनामी होत नाही. तेच फेसबुकवर लिहिलं की चित्र बदलतं.

भारतात बदनामीसाठी दोन रस्ते आहेत.

पहिला दिवाणी. यात भरपाई मागता येते, मजकूर काढून टाकायला सांगता येतं. यासाठी वेगळा लिखित कायदा नाही, कोर्टाच्या जुन्या निकालांवरून तत्त्वं ठरत गेली आहेत. दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.

दुसरा फौजदारी. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० होती. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेचा पर्यायही आला आहे. पोलीस यात परस्पर गुन्हा नोंदवून अटक करत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याला मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते.

बदनामी हा फौजदारी गुन्हा असावा का, यावर आपल्याकडे बराच वाद झाला. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे कलम घटनेला धरून आहे, असा निकाल दिला.

क्लब म्हणजे माणूस नाही, मग त्याची बदनामी कशी होते?

होते. कलम ३५६ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे की कंपनी, संघटना किंवा लोकांचा समूह यांच्याबद्दलचं विधानही बदनामी ठरू शकतं. आयपीएलची फ्रँचायझी ही कंपनी असते, बीसीसीआय ही नोंदणीकृत संस्था आहे. दोघांनाही कोर्टाचं दार उघडं आहे.

मात्र प्रत्येक देश क्लबला सारखंच वागवत नाही.

इंग्लंडमध्ये २०१३ च्या डिफेमेशन अॅक्टनुसार नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला आपलं गंभीर आर्थिक नुकसान झालं किंवा होण्याची शक्यता आहे, हे दाखवावं लागतं. "आमच्या चाहत्यांना वाईट वाटलं" एवढ्यावर भागत नाही.

ऑस्ट्रेलियात मोठ्या कंपन्यांना साधारणपणे बदनामीचा दावाच करता येत नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या किंवा नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांना त्यातून सूट आहे.

अमेरिकेत प्रसिद्ध व्यक्तींसाठी अट आणखी कडक. समोरच्याने खोटं आहे हे माहीत असून, किंवा खरं-खोटं याची पर्वाच न करता लिहिलं, हे सिद्ध करावं लागतं.

भारतात आणखी एक पेच आहे. १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना बदनामीची भरपाई मागता येणार नाही. म्हणजे महापालिकेवर टीका केली म्हणून महापालिका तुमच्यावर असा दावा करू शकत नाही. मग बीसीसीआयचं काय? २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बीसीसीआयला घटनेच्या अर्थाने 'राज्य' मानलं नाही. पण २०१५ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की बीसीसीआय सार्वजनिक स्वरूपाचं काम करते. देशाचा संघ जी निवडते, ती संस्था खाजगी कंपनीसारखी टीकेपासून संरक्षण मागू शकते का? हा प्रश्न रास्त आहे.

'वाईट खेळले' आणि 'मॅच विकली' यात फरक काय?

सगळा खेळ इथेच आहे. ही तीन वाक्यं बघा.

"या टीमची फिल्डिंग गल्ली क्रिकेटपेक्षा वाईट होती." हे मत आहे. ते बोचरं असेल, अन्यायकारकही असेल, पण मत आहे.

"कोचला अजिबात डोकं नाही, त्याला घरी पाठवा." हेही मतच. थोडं उद्धट, इतकंच.

"या टीमने पैसे घेऊन मॅच सोडली." हे मत नाही. हा वस्तुस्थितीचा दावा आहे, आणि तो करणाऱ्यावर पुरावा देण्याची जबाबदारी येते.

कायद्याने मत मांडायला बरीच मोकळीक दिली आहे. लोकांसमोर सादर केलेल्या कामगिरीबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेलं मत फौजदारी कायद्यात अपवाद म्हणून धरलं आहे. दिवाणी दाव्यातही रास्त टीका हा बचाव चालतो, फक्त ती खऱ्या माहितीवर उभी हवी.

सत्य हाही बचाव आहे. दिवाणी दाव्यात विधान खरं निघालं की विषय संपतो. फौजदारी खटल्यात मात्र ते खरं असण्याबरोबरच लोकहितासाठी केलेलं होतं, हेही दाखवावं लागतं.

आणखी एक गैरसमज. वाक्याच्या आधी "माझ्या मते" लावलं की सुटका होते, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. "माझ्या मते यांनी मॅच विकली" हे वाक्यही आरोपच करतं.

जे कोर्टात गेले त्यांचं काय झालं?

चार गोष्टी, चार वेगळे शेवट.

*रेआल माद्रिद विरुद्ध ल मोंद.* डिसेंबर २००६ मध्ये फ्रान्सच्या ल मोंद या वृत्तपत्राने बातमी छापली. सायकलपटूंच्या डोपिंग प्रकरणात गाजलेल्या डॉक्टर फुएन्तेस यांचा संबंध रेआल माद्रिद आणि बार्सिलोना या क्लबशी असल्याचा दावा त्यात होता. रेआलने इन्कार केला, ल मोंदने त्यांचं खुलाशाचं पत्रही छापलं. तरी क्लब स्पेनमध्ये कोर्टात गेला. २००९ मध्ये कोर्टाने क्लबला ३ लाख युरो आणि क्लबच्या एका डॉक्टरला ३० हजार युरो द्यायचा आदेश दिला. २०१४ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च कोर्टाने तो कायम केला.

पण वसुली फ्रान्समध्ये करायची होती आणि तिथे घोडं अडलं. पॅरिसच्या अपील कोर्टाने नकार दिला. प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं. ४ ऑक्टोबर २०२४ ला त्या न्यायालयाने सांगितलं की वसुलीमुळे माध्यमांच्या स्वातंत्र्याचा उघड भंग होणार असेल, तर दुसऱ्या देशाने असा निकाल अमलात आणायला नकार दिला पाहिजे. बातमी छापून तेव्हा जवळपास १८ वर्षं झाली होती.

*वॉली बट्स विरुद्ध सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट.* १९६३ मध्ये या अमेरिकन मासिकाने छापलं की जॉर्जिया विद्यापीठाचे क्रीडा संचालक बट्स यांनी अलाबामाच्या कोचला आपल्याच टीमचे डावपेच फोनवर सांगितले. आधार काय? एका माणसाच्या कानावर चुकून पडलेलं फोनवरचं बोलणं. त्याने टिपणं काढली होती, पण ती छापण्याआधी मासिकातल्या कुणी डोळ्यांखालूनही घातली नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बट्स यांना मिळालेली ४ लाख ६० हजार डॉलर्सची भरपाई कायम ठेवली. इथे दावा करणाऱ्याची बाजू खरोखर भक्कम होती.

*ब्रूस ग्रोबेलार विरुद्ध द सन.* लिव्हरपूलच्या या माजी गोलकीपरवर द सनने १९९४ मध्ये मॅच फिक्सिंगचे आरोप केले. बदनामीच्या दाव्यात ज्यूरीने त्याला ८५ हजार पौंड दिले. अपिलात तो निकाल उलटला. शेवटी २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने भरपाई ठरवली फक्त १ पौंड. त्याने लाच घेतल्याचं मान्य करणाऱ्या माणसाची पत किती मोजायची, असा न्यायाधीशांचा रोख होता. वर वृत्तपत्राचा कोर्टखर्चही त्याच्याच डोक्यावर आला.

*लान्स आर्मस्ट्राँग विरुद्ध संडे टाइम्स.* हे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं. २००४ मध्ये संडे टाइम्सने या सायकलपटूच्या डोपिंगबद्दल प्रश्न विचारणारा मजकूर छापला. पत्रकार डेव्हिड वॉल्श याच विषयामागे होते. आर्मस्ट्राँगने दावा ठोकला. २००६ मध्ये वृत्तपत्राने ३ लाख पौंड देऊन प्रकरण मिटवलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने पुरावे मांडले, त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. मग संडे टाइम्सने त्याच्यावरच दावा केला आणि २०१३ मध्ये त्यांच्यात तडजोड झाली.

म्हणजे बदनामीच्या कायद्याचा धाक दाखवून एक खरी गोष्ट अनेक वर्षं दाबली गेली. या काळात आर्मस्ट्राँग हिरो होता आणि प्रश्न विचारणारे खलनायक.

भारतात काय चित्र आहे?

सगळ्यात गाजलेलं प्रकरण महेंद्रसिंग धोनीचं. २०१३ च्या आयपीएल बेटिंग प्रकरणात टीव्हीवरच्या चर्चांमध्ये आपलं नाव ओढलं गेलं, असं म्हणत त्याने २०१४ मध्ये मद्रास हायकोर्टात १०० कोटींचा दावा केला. प्रतिवादींमध्ये झी मीडिया आणि एक आयपीएस अधिकारी यांचा समावेश होता. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल ११ वर्षांनी, हायकोर्टाने साक्षीपुरावे सुरू करायचा आदेश दिला. धोनीची साक्ष नोंदवायला वकील आयुक्त नेमला.

धोनीसारख्या माणसाला जर एवढी वाट बघावी लागत असेल, तर दाव्यातून पत लवकर भरून निघते असं म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. त्याच बेटिंग प्रकरणात २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्सच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं. म्हणजे त्या वेळी विचारले गेलेले सगळेच प्रश्न हवेतले नव्हते. त्या वेळी क्लबच्या नोटिशींना घाबरून सगळी माध्यमं गप्प बसली असती तर?

१०० कोटींचाच आकडा का?

कारण हा आकडा बातमी बनतो. आणि मागायला फार खर्चही येत नाही. महाराष्ट्रात दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी लागते, पण तिला कमाल मर्यादा आहे. २०१८ मध्ये ती ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली. सामान्य माणसाला १० लाख मोठे आहेत, फ्रँचायझीला नाहीत.

पण हा आकडा नेहमी कागदावरच राहतो असंही नाही. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने टाइम्स नाऊला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांना १०० कोटी द्यायला सांगितलं होतं. चॅनेलने एका घोटाळ्याच्या बातमीत चुकून काही सेकंद त्यांचा फोटो दाखवला होता. अपील ऐकण्यासाठी मुंबई हायकोर्टाने २० कोटी जमा करायची आणि ८० कोटींची बँक गॅरंटी द्यायची अट घातली. अशा निकालानंतर छोट्या वेबसाइटचा संपादक किंवा एकटा यूट्यूबर क्लबची नोटीस आल्यावर काय करेल? बहुतेक वेळा व्हिडिओ डिलीट. आरोप खरा असो वा खोटा.

अशा दाव्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्लॅप' म्हणतात. यात हेतू जिंकण्याचा नसतो, समोरच्याला वकिलाच्या फीने आणि तारखांनी दमवण्याचा असतो. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये याविरोधात नियम केले. भारतात असा वेगळा कायदा नाही. मात्र मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पूर्ण सुनावणीआधी लेख काढून टाकण्याचे आदेश ऊठसूट देऊ नयेत, आणि त्या वेळी स्लॅपचा धोकाही लक्षात घ्यावा.

कोर्टात न जाताही तोंड बंद करता येतं

क्लब आणि बोर्डांकडे दाव्याशिवाय इतर हत्यारंही असतात. सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी मुलाबद्दलच्या एका कार्यक्रमावरून २००४ ते २०११ बीबीसीला मुलाखतच दिली नाही.

आपल्याकडे २०१६ च्या आयपीएलआधी हर्षा भोगले यांना कॉमेंट्रीच्या टीममधून वगळलं. आपल्याला कारण सांगितलं नाही, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. २०२० मध्ये संजय मांजरेकर बीसीसीआयच्या पॅनेलमधून बाहेर गेले. कॉमेंट्री करणाऱ्याची रोजीरोटी ज्याच्यावर टीका करायची त्याच्याच हातात असेल, तर दाव्याची गरजच काय?

म्हणून "कॉमेंटेटर काहीही बोलतात, त्यांना लगाम घाला" म्हणण्याआधी लगाम आधीच कुणाच्या हातात आहे, हे बघायला हवं.

मग क्लबने दावा करावा की नाही?

करावा, या बाजूने मुद्दे आहेत. मॅच फिक्सिंगचा खोटा आरोप खेळाडूचं करिअर संपवू शकतो, स्पॉन्सर जाऊ शकतात. क्लबमध्ये फक्त स्टार नसतात, महिन्याच्या पगारावर काम करणारे ग्राउंड स्टाफ आणि फिजिओही असतात. खोटं बोलून व्ह्यूज कमावणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागत नसेल तर तो पुन्हा तेच करणार.

करू नये, या बाजूनेही आहेत. क्लबकडे स्वतःचं व्यासपीठ आहे, लाखो फॉलोअर्स आहेत. उत्तर द्यायला त्याला कोर्टाची गरज नाही. दावा केला की तोच आरोप पुढची दहा वर्षं प्रत्येक तारखेला पुन्हा छापून येतो. उलटतपासणीत क्लबची कागदपत्रंही बाहेर येऊ शकतात. आणि खेळातले मोठे घोटाळे अनेकदा कुणीतरी अडचणीचे प्रश्न विचारल्यावरच बाहेर आले आहेत.

दोन्ही बाजू बघितल्या तर एक ढोबळ नियम काढता येतो. टीका कितीही जहरी असो, ती खेळ, निवड, डावपेच किंवा कारभाराबद्दलचं मत असेल तर क्लबने कोर्टात जाऊ नये. दावा राखून ठेवावा तो ठरावीक, खोट्या आणि गंभीर आरोपासाठी. तोही आधी खुलासा मागून, दुरुस्तीची संधी देऊन, आणि समोरच्याने तरीही नकार दिला तर. फौजदारी तक्रार तर शक्यतो नकोच. बॉलिंगवर टीका केली म्हणून किंवा चुकीची बातमी दिली म्हणून कुणाला जेलची भीती दाखवणं खेळाला शोभत नाही.

आणि जिथे नुकसान एका खेळाडूचं झालं आहे, तिथे दावा त्या खेळाडूचा असावा. क्लबने त्याला वकिलाच्या खर्चाची मदत करावी. नाव त्याचं गेलं आहे, लोगोचं नाही.

कोर्टाआधीचे रस्ते कोणते?

• पुराव्यासह जाहीर खुलासा करणं आणि तो तितक्याच ठळकपणे दाखवायची मागणी करणं.

• चॅनेल सदस्य असेल तर एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे तक्रार.

• वृत्तपत्राविरोधात प्रेस कौन्सिलकडे तक्रार. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही.

• फिक्सिंगचा आरोप असेल तर स्वतःहून चौकशीची मागणी. एप्रिल २०२५ मध्ये राजस्थानच्या क्रिकेट प्रशासनातल्याच एका पदाधिकाऱ्याने राजस्थान रॉयल्सच्या मॅचबद्दल शंका घेतली, तेव्हा फ्रँचायझीने आरोप जाहीरपणे फेटाळले आणि राज्य सरकारकडे कारवाईची मागणी केली.

आणि आपलं काय?

हे सगळं मोठ्या लोकांचं आहे असं वाटत असेल तर थांबा. कायद्यात 'पत्रकार' आणि 'साधा युजर' असा फरक नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की बदनामीकारक मजकूर रिट्विट करणं हीसुद्धा बदनामी ठरू शकते. "मी फक्त शेअर केलं" हे उत्तर पुरेसं नाही.

पोस्ट टाकण्याआधी तीन गोष्टी तपासा.

१. मी मत मांडतोय की घटना घडली असं सांगतोय?

२. घटना सांगत असेन तर माझ्याकडे काय आधार आहे? स्क्रीनशॉट फिरतोय, हा आधार नाही.

३. आरोप कुणावर आहे? "सिस्टीम सडली आहे" आणि "अमुक खेळाडूने पैसे घेतले" यात कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टीमला शिव्या घालायचा हक्क चाहत्याला आहेच, तिकिटाचे पैसे त्याने मोजलेत. "हरले कारण खेळले वाईट" हे बिनधास्त लिहा. "हरले कारण विकले गेले" लिहायचं असेल, तर आधी पुरावा हातात घ्या.